चालेल इतकी चूक

दातांच्या डॉक्टरबाईंना बोलायला फार आवडायचं, आणि त्यांचा व्यवसायच असा होता की समोरच्या माणसाला उलट बोलता यायचं नाही.

एकतीस वर्षं त्या उघड्या तोंडांशी गप्पा मारत आल्या होत्या. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, गालात कापसाचे बोळे बसले आणि लाळ ओढणारी नळी ओठाला अडकली, की बाईंचं सुरू व्हायचं. माणसं हल्ली इतकी चिडकी का झालीत, झोपेत आपण नक्की कुठे असतो, मुलांना खरं किती सांगावं आणि कोणत्या वयात. मग हातातला आरसा जरा बाजूला घेऊन विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" पेशंट म्हणायचा, "आँ." बाई म्हणायच्या, "अगदी बरोबर, मलाही तेच वाटतं." एकतीस वर्षांत दवाखान्यात त्यांच्याशी कोणाचाही मतभेद झाला नव्हता.

बाईंचा हात मात्र हलका होता. सुई टोचली तरी कळायची नाही. हाताच्या हलकेपणासाठी लोक जिभेचं वजन सोसून घेत.

एकदा निवृत्त पोस्टमनकाका खालची दाढ दुखते म्हणून आले. दुखत होती उजवी. बाई त्या दिवशी 'माणूस एकटा जास्त सुखी की चारचौघांत' या विषयावर होत्या, आणि बोलता बोलता भूल दिली डाव्या बाजूला. काकांनी खुर्चीच्या दांडीवरून एक बोट वर केलं. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हो ना, एकट्यालाही मजा असतेच." काकांनी दुसरं बोट वर केलं. शेवटी एकोणीस वर्षं बाईंच्या हाताखाली काम करणारी सिस्टर पुढे झाली.

"ताई, काकांचं काहीतरी वेगळं म्हणणं आहे. दुखणारी बाजू ही नव्हे."

बाई ओशाळल्या. पुन्हा उजवीकडे भूल द्यावी लागली. दाढ भरून झाली तेव्हा काकांचा अख्खा जबडा बधिर होता आणि पेल्यातलं पाणी दोन्ही बाजूंनी गळत होतं. बाईंनी तीन वेळा माफी मागितली. काका रागावणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर चुकलेल्या पत्त्यांवरून माणसं शोधून काढलेला माणूस. एवढ्यातेवढ्यानं तो कशाला बिथरतोय. हनुवटी पुसत, जड जिभेनं ते म्हणाले, "दर गुरुवारी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं मंडळ जमतं. मोठमोठे प्रश्न घेतो. उत्तरं मिळत नाहीत, पण चहा मिळतो. तुम्ही या. तिथे समोरच्याचं तोंड रिकामं असतं."

सिस्टर हसू लपवायला औजारांचा ट्रे घेऊन आत गेली.

पुढच्या गुरुवारी बाईंनी साडेचारनंतरच्या वेळा कोणालाच दिल्या नाहीत. वाचनालयाची वरची खोली लांबट होती. भिंतीला जुन्या वर्तमानपत्रांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे, मधे शाईचे डाग पडलेलं टेबल, भोवती नऊ खुर्च्या, त्यातल्या दोन वेगळ्याच घरच्या. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मधूनमधून चाक फिरवून पाहिल्याचा आवाज यायचा. मंडळ चालवायची ग्रंथपाल, पस्तिशीतली, सवयीनंच हळू बोलणारी. दर आठवड्याला एकानं प्रश्न आणायचा, बाकीच्यांनी बोलायचं. टेबलावर कुठल्याशा खेळातलं वाळूचं छोटं घड्याळ होतं. वाळू पडायला तीन मिनिटं लागत, तेवढीच एकाची पाळी. घड्याळ उलटायचं काम पोस्टमनकाकांकडे.

त्या दिवशीचा प्रश्न होता, सुखी असणं आणि आपण सुखी आहोत असं वाटणं, हे एकच का?

"माझं म्हणणं असं की," काका म्हणाले.

"म्हणजे एकच," बाई म्हणाल्या, आणि बोलत सुटल्या. वाळू संपली. काकांनी घड्याळाकडे बोट केलं. बाईंनी ते उचलून स्वतःच उलटं केलं आणि पुढे बोलू लागल्या. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी समोर बसलेल्या शिलाईकाकूंनी हात वर केला. काकू कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून द्यायच्या. बोलणंही तसंच, जास्तीचं कापड सोडायच्या नाहीत.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी मघाशी जांभई द्यायला तोंड उघडलं होतं. तुम्ही तिलाही उत्तर दिलंत."

सगळे हसले. ग्रंथपालसुद्धा हसली, पण आवाज न करता. बाईही हसल्या, कारण दुसरं काय करणार. मग काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगितलंत ते मला नाही पटत," आणि का पटत नाही ते दीड मिनिटात सांगून मोकळ्या झाल्या.

बसमध्ये बाईंचे कान गरम झाले होते. दोन थांबे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण रागावलेलो नाही. 'मला नाही पटत' हे शब्द त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या जवळून ऐकले नव्हते, आणि ऐकायला ते चक्क बरे वाटले होते. आपलं म्हणणं कुठेतरी आपटून परत आलं होतं.

घरी येऊन त्यांनी सगळा वृत्तांत नवऱ्याला सांगितला. त्याला एक तास लागला.

नवरा वजनमापांचा निरीक्षक होता. बाजारात, गोदामांत, कारखान्यांत जाऊन तराजू तपासायचे आणि बरोबर निघाले तर शिक्का मारायचा, ही त्याची नोकरी. हिरव्या मखमलीच्या खाचांत पितळी वजनं बसवलेली एक पेटी त्याच्याबरोबर असायची, आणि ती तो कोणालाही उचलू देत नसे. माणूस सरळ, कामाला चोख, पण घरात त्याचं बोलणं 'हं', 'बरं' आणि 'चहा टाकू का' इथवर येऊन थांबलं होतं. लांब राहणारी लेक फोन करायची तेव्हा तिला बाबांचं एकच वाक्य ऐकू यायचं, "थांब हं, आईला देतो." बाईंना वाटायचं, यांचा स्वभावच अबोल. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी तपासून मात्र पाहिलं नव्हतं.

"मग काकूंना काय म्हणालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"सांगते ना," बाई म्हणाल्या, आणि सांगितलं.

"हं," नवरा म्हणाला.

बाई दर गुरुवारी जाऊ लागल्या. थोड्या सुधारल्या. घड्याळ स्वतः उलटायचं त्यांनी सोडलं, पण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करून द्यायची खोड गेली नाही. मंडळींनी तेही चालवून घेतलं, कारण बाई कधी कंटाळवाण्या नव्हत्या आणि कोणाचा दात दुखला तर तिथल्या तिथे पाहून द्यायच्या.

चार महिन्यांनी प्रश्न आणायची पाळी बाईंची आली. त्यांनी प्रश्न निवडला, खरं म्हणजे काय? नुसता प्रश्न देऊन त्यांचं समाधान होईना. चार संध्याकाळी बसून त्यांनी चार पानं लिहिली, कोणी काय आक्षेप घेईल आणि त्याला आपण काय सांगू इथपर्यंत. काकूंसाठी तर वेगळा परिच्छेद होता.

आणि बुधवारी सकाळी त्यांची स्वतःची अक्कलदाढ ठणकू लागली.

ती दाढ आडवी आहे हे बाईंना दहा वर्षं माहीत होतं. दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी महिनाभरात काढायला लावली असती. पण दिव्याखाली अंधार. दुपारपर्यंत गाल सुजला, संध्याकाळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. सिस्टरनं बॅटरी घेऊन आत पाहिलं आणि म्हणाली, "ताई, समोर जायलाच हवं."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर बाईंचे वर्गमित्र. बाई त्यांच्याकडे कधी गेल्या नव्हत्या. 'तो फार बोलतो,' असं त्यांचं त्याच्याबद्दल मत होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बाई खुर्चीत आडव्या झाल्या. या बाजूनं खुर्ची किती खाली जाते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"ये ये," वर्गमित्र म्हणाले. "शेवटी आलीस. उघड. आणखी. बघ, हे आधीच काढलं असतंस तर. मला सांग, अक्कलदाढ काढली की अक्कल जाते की येते?"

बाईंकडे याचं फार चांगलं उत्तर होतं. पण जिभेवर आरसा होता.

"जाते, जाते," वर्गमित्रांनीच सांगून टाकलं. "आज तुमचं ते मंडळ ना? सिस्टर सांगत होती. खरं म्हणजे काय? त्यात एवढी काय चर्चा करायचीय. दिसतं ते खरं. एक्स-रे काढला, दिसलं, विषय संपला."

बाईंनी निषेधाचं एक बोट वर केलं.

"बघ, तुलाही पटलं," वर्गमित्र म्हणाले आणि चिमटा हातात घेतला.

बाईंचं बोट वरच राहिलं. छताला एक बारीक भेग होती, तिच्याकडे पाहत त्या पडून राहिल्या. एकतीस वर्षांत आपल्या खुर्चीवरून अशी किती बोटं वर झाली असतील, याचा त्यांना अंदाज करवेना. त्यातली किती हो म्हणायला होती आणि किती नाही म्हणायला. कदाचित काही जणांना नुसतं थुंकायचं असेल. दाढ निघाली तेव्हा त्यांना दुखलं नाही, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि वर्गमित्रांना वाटलं भूल कमी पडली.

"तीन टाके घातलेत," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत बोलायचं नाही. एक शब्द नाही. जमेल का तुला?"

नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून न्यायला आला होता. घरी आल्यावर बाईंनी वहीच्या पानावर लिहिलं, 'पाच वाजता मंडळ. माझा प्रश्न आहे. तुम्ही वाचून दाखवा.'

"मी?" नवरा म्हणाला. "चारचौघांत? अगं, मला कुठे जमतंय. ग्रंथपालबाईंना दे ना, त्या वाचतील."

बाईंनी 'तुम्ही' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. नवऱ्यानं त्या रेघांकडे थोडा वेळ पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या. तेवढंच जमत होतं.

पाच वाजता दोघं वाचनालयाचा जिना चढले. बाईंच्या गालाला रुमाल होता. काकूंनी खुर्ची पुढे केली, काकांनी जबड्याची चौकशी केली आणि दोन्ही बाजूंनी तर भूल दिली नाही ना, असं विचारलं. बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. नवरा उभा राहिला, चष्मा लावला आणि सरकारी नोटीस वाचावी तसं वाचलं, "प्रश्न. खरं म्हणजे काय." मग त्यानं पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत पाहून आला आणि चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

"प्रश्न पहिल्या ओळीत संपलाय," तो म्हणाला. "पुढची चार पानं उत्तर आहे. वाचू?"

सगळे बाईंकडे पाहत होते. चार संध्याकाळी गेल्या होत्या त्या पानांत. काकूंचा परिच्छेद तर फारच छान उतरला होता. बाईंनी टेबलाकडे पाहिलं, मग हळूच मान हलवली. नको. नवऱ्यानं पानं घडी करून त्यांच्या पर्समध्ये ठेवली आणि पोस्टमनकाकांनी घड्याळ उलटं केलं.

सुरुवात काकूंनी केली. "गिऱ्हाइकाला कपडा बसत नाही. खरं बोलायचं तर म्हणायला हवं, तुम्ही सुटलात. मी म्हणते, कापड आटलंय. जरा वेळानं आरशात बघून बाई आपणच म्हणते, छे हो, मीच सुटलेय. आता मी खोटं बोलले म्हणून खरं बाहेर आलं. मी खरं बोलले असते तर ती दुसऱ्या दुकानात गेली असती. त्याचं काय करायचं?"

मग पोस्टमनकाका म्हणाले, "मी पस्तीस वर्षं बंद पाकिटं वाटली. आत काय खरं होतं, काय खोटं, देव जाणे. पण पत्र हातात देताना दारातल्या माणसाचा जो चेहरा व्हायचा ना, तो खरा असायचा. तो अजून फोडायच्या असलेल्या पाकिटाचा चेहरा. वाचल्यावर काय व्हायचं ते बघायला मी थांबलो नाही कधी. पुढचं घर असायचं."

बाई काकांकडे बघतच राहिल्या. चार महिने त्या शेजारी बसत होत्या, पण काकांचं बोलणं शेवटपर्यंत गेलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मधे दोनदा त्यांची जीभ उचलली होती. दोन्ही वेळा टाके ओढले गेले आणि जीभ खाली बसली.

मग काकू नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमचं तर कामच खऱ्याखोट्याचं. तुम्हाला काय वाटतं?"

बाईंना माहीत होतं, हे आता 'मला काही नाही वाटत' म्हणणार. एरवी अशा वेळी त्या लगेच म्हणायच्या, 'यांना बोलायचं नसतं हो,' आणि त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकायच्या. आज ती सोय नव्हती.

खाली दुकानात चाक फिरत राहिलं आणि थांबलं.

"माझ्याकडे एक किलोचं वजन आहे," तो म्हणाला. "पितळी. लोक समजतात ते बरोब्बर एक किलो आहे. तसं नाही. ते दर वर्षी दुसऱ्या वजनाशी ताडून पाहतात. ते दुसरं वजन तिसऱ्याशी. प्रत्येक वेळी थोडा फरक निघतोच. म्हणून नियमात एक गोष्ट आहे, तिला अनुज्ञेय त्रुटी म्हणतात. म्हणजे चालेल इतकी चूक. काटा तेवढ्या चुकीच्या आत असला की आम्ही शिक्का मारतो, खरा म्हणून. बिनचुकीचा काटा मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. असा कोणी आणून दाखवला तर मी आधी तो उघडून बघेन, आत काय गडबड केलीय म्हणून."

सगळे हसले. नवरा थांबला आणि बसायला निघाला. बाईंनी घाईनं वही ओढली, एक शब्द लिहिला आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं वाचलं. 'पुढे?'

त्यानं तो शब्द बराच वेळ वाचला. एक शब्द वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

"पुढे असं," तो म्हणाला, आणि आवाज जरा खाली आला. "मी दुकानात शिरलो की माणसं उभी राहतात. साहेब या, साहेब बसा. मी असेपर्यंत सगळे एकदम खरे वागतात. त्यामुळे मला कोणी खोटं सांगत नाही आणि खरंही सांगत नाही. दिवसभर तसलं ऐकून माणूस घरी येतो. घरी ही असते. ही मला पाहून उभी राहत नाही, सावरून बसत नाही, मनात येईल ते बोलत सुटते. त्यातलं निम्मं चुकीचं असतं. ते ऐकायला मला बरं वाटतं. म्हणून मी मधे बोलत नाही. लोकांना वाटतं, ही मला बोलू देत नाही."

आता कोणी हसलं नाही. मग त्यानं चष्मा काढला आणि पुसत म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं रोज तपासतोय. मर्यादेबाहेर गेलेली नाही."

शिलाईकाकू इतक्या हसल्या की त्यांनाच रुमाल लागला. वाळू केव्हाच संपली होती, पण काकांनी घड्याळाला हात लावला नव्हता. बाईंना हसायचं होतं आणि हसलं की टाके ओढत होते, त्यामुळे त्या अर्ध्याच तोंडानं हसल्या आणि डोळे पूर्ण भरून आले. त्यांना एकाच वेळी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली म्हणजे, निम्मं चुकीचं म्हणजे नेमकं कोणतं.

परत जाताना ते बसनं गेले नाहीत, चालत गेले. नवरा बोलत होता. गोदामातल्या अजस्र काट्यावर एकदा मांजर बसलं होतं आणि आठ गोण्यांचा हिशेब जुळेना, ते. नोकरीला लागला तेव्हा वजनं पुसताना हातमोजे का घालतात हे विचारायची लाज वाटली होती, ते. बाई शेजारून चालत ऐकत होत्या. एका कोपऱ्यावर त्यांनी न राहवून हाताला धरून थांबवलं आणि खुणेनं विचारलं, मांजराचं पुढे काय झालं? नवऱ्यानं मांजराचं पुढे काय झालं ते सांगितलं.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. बाबांनी उचलला आणि वीस मिनिटं ठेवला नाही. मग लेकीनं आईला वेगळा फोन केला आणि काळजीनं विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

टाके निघाले, सूज उतरली, बाईंचं तोंड पुन्हा सुरू झालं. ते बंद पडेल अशी कोणी अपेक्षाही केली नव्हती. पण दवाखान्यात एक नवी पद्धत आली. भूल द्यायच्या आधी बाई स्टुलावर बसतात आणि विचारतात, "बोला, काय म्हणायचंय ते आधी सांगून घ्या." माणसं सांगतात. दाताबद्दल सांगतात आणि मग बाकीचंही सांगतात. त्यामुळे रोज सगळ्या वेळा अर्ध्या तासानं मागे जातात आणि बाहेर बसलेल्यांची समजूत घालता घालता सिस्टरच्या नाकी नऊ येतात. तिचं म्हणणं, आधीचं बरं होतं, निदान घरी वेळेवर जाता येत होतं. बाहेर बसलेले लोकही आता आपसात बोलू लागले आहेत. मागच्या मंगळवारी एकजण नंबर आला तरी उठेना, कारण त्याचा मुद्दा पुरा व्हायचा होता.

वाचनालयाच्या खोलीत दहावी खुर्ची आली. ती ग्रंथपालनं स्वतः वर चढवली.

परवाच्या गुरुवारी प्रश्न काकूंचा होता, माणूस बदलतो का, की नुसता झिजतो? नवरा-बायको पावणेपाचला बसथांब्यावर आले. नवऱ्याचं मत, झिजतो, पितळसुद्धा झिजतं. बाईंचं मत, झिजणं हेच बदलणं, आणि दात झिजला की सगळं चावणंच बदलतं, हे पितळेला काय कळणार. एक बस आली आणि गेली. नवरा म्हणाला, "मला नाही पटत," आणि का पटत नाही ते सांगू लागला. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तोंड मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढ्यात दुसरीही बस गेली.

बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. या दोघांच्या ओळखीच्या नव्हत्या.

"मधे बोलते म्हणून रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण मला तुमच्या मिस्टरांचं पटतं."

"का बरं?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.